‘ची’ म्हणजे काय? : चिनी वैद्यकाची एक ओळख



आपल्या शहरातील अनेक बागांमध्ये हल्ली गोल दगड बसवलेली एक पट्टी असते. सकाळी मंडळी तिच्यावरून अनवाणी चालतात. जत्रेत आणि प्रदर्शनात लाकडी काटेरी रूळ विकायला येतात व विकणारा मोठ्याने सांगतो, “इससे शरीर में प्राणशक्ति का प्रवाह खुल जाता है, पाँच हज़ार साल पुरानी चीनी विद्या है।” रुळाबरोबर तळपायाचा एक रंगीत नकाशा फुकट मिळतो. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी तो असेल. चिनी वैद्यक म्हणजे काय, त्यातील ‘ची’ ही कल्पना कोणती, आणि त्यातले किती तपासून खरे ठरले आहे, याची थोडी व्यवस्थित माहिती विद्यार्थ्यांना असावी या हेतूने हा पाठ लिहीत आहे.

सुरुवातीलाच त्या नकाशाविषयी सांगून टाकतो. तळपायावर यकृत, मूत्रपिंड, डोळे दाखवणारा हा नकाशा चीनमधून आलेलाच नाही. विल्यम फिट्झजेराल्ड या अमेरिकन डॉक्टरने १९१७ साली शरीराचे उभे पट्टे कल्पून एक पुस्तक लिहिले आणि युनिस इंगहॅम या अमेरिकन बाईंनी १९३० च्या दशकात त्यावरून तळपायाचा नकाशा तयार केला. कानावर सुया टोचण्याचा जो नकाशा दाखवतात तो १९५० च्या दशकात पॉल नोजिये या फ्रेंच डॉक्टरने मांडला. म्हणजे ‘पाच हजार वर्षे’ तर सोडाच, आपल्या पणजोबांच्या वयाचाही तो नाही! जुने म्हटले की माल खपतो, हे दुकानदाराला ठाऊक असते.

आता खऱ्या चिनी ग्रंथांकडे वळू. या वैद्यकाचा पायाभूत ग्रंथ ‘ह्वांगदी नेइजिंग’ म्हणजे ‘पीत सम्राटाचे अंतर्शास्त्र’. आपल्याकडे जसे गुरु-शिष्य संवादाच्या रूपाने शास्त्र सांगतात तसाच हा ग्रंथ पीत सम्राट आणि त्याचा वैद्य चीबो यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. पीत सम्राट हा पुराणपुरुष. ग्रंथाची जुळणी मात्र इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकाच्या सुमारास झाली असे अभ्यासक मानतात. म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना, हेही काही थोडे नाही. त्याचे दोन भाग आहेत आणि प्रत्येकात ८१ अध्याय.

त्याहूनही जुना पुरावा जमिनीतून निघाला. १९७३ साली हुनान प्रांतात छांग्शा शहराजवळ मावांगद्वी येथे एक थडगे उघडले गेले. ते इ.स.पूर्व १६८ मध्ये बंद केलेले होते. त्यात रेशमी कापडावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर सापडले. व्यायामाच्या मुद्रा करणाऱ्या ४४ माणसांचे एक रंगीत चित्रही सापडले. कुणी हात वर ताणतो आहे, कुणी वाकला आहे, कुणी पक्ष्याची नक्कल करतो आहे. त्या मजकुरांत शरीरातील अकरा वाहिन्यांचे वर्णन आहे, पण सुई टोचण्याचे बिंदू नाहीत. त्यात शेक देण्यास सांगितले आहे. पुढच्या ग्रंथांत वाहिन्या बारा झाल्या आणि बिंदूही आले. यावरून विद्यार्थ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही विद्या कुणा एकाला एका दिवशी पूर्ण स्वरूपात सुचलेली नाही. ती हळूहळू रचली गेली, बदलली गेली.

‘ची’ या शब्दाचा उच्चार खरे तर ‘छी’च्या जवळचा आहे. पण तसे लिहिले तर आमची मुले नाक मुरडून हसतील, म्हणून ‘ची’ लिहितो. जुन्या चिनी लिपीत या शब्दाचे जे चिन्ह आहे त्यात वर वाफ आणि खाली तांदूळ आहे. शिजणाऱ्या भाताची वाफ डोळ्यांसमोर आणा. दिसते, पण मुठीत धरता येत नाही; भाताच्या दाण्यातून निघते आणि झाकण उचलते. अशी काहीतरी सूक्ष्म, हलती वस्तू आकाशात, जमिनीत, अन्नात आणि शरीरात आहे व तिच्या वाहण्याने जीवन चालते, असे चिनी पंडित मानत.

इंग्रजी व हिंदी पुस्तकांत ‘ची’चे भाषांतर ‘जीवनऊर्जा’ किंवा ‘प्राणशक्ति’ असे असते. हे भाषांतर मला अपुरे वाटते. ‘ऊर्जा’ हा शब्द सूलिए द मोराँ या फ्रेंच लेखकाने १९३० च्या दशकात वापरला आणि तिथून तो पसरला. आपण आठवीपासून शिकतो की ऊर्जा ज्यूलमध्ये मोजतात. ‘ची’ कुणी ज्यूलमध्ये मोजलेली नाही, आणि जुन्या चिनी वैद्यांनी ती तशी मोजण्याची वस्तू आहे असे म्हटलेलेही नाही. चिनी माणूस रोजच्या बोलण्यात हा शब्द कसा वापरतो ते पाहा. हवामानाला तो ‘थ्येनची’ म्हणतो, म्हणजे आकाशाची ची. हवेला ‘खुंगची’, म्हणजे पोकळीतली ची. अंगातल्या जोराला ‘लीची’. राग येण्याला ‘शंगची’, म्हणजे ची उत्पन्न होणे. आणि पाहुण्याने फार शिष्टाचार केला तर त्याला ‘खची’ म्हणतात, म्हणजे पाहुण्याची ची!

यासाठी एकच मराठी शब्द शोधायचा तर मला ‘दम’ आठवतो. दम म्हणजे श्वास. जिना चढून दम लागतो. पण ‘त्याच्या बोलण्यात दम आहे’ म्हणतो तेव्हा तो जोर असतो. ‘जरा दम धर’ म्हणतो तेव्हा धीर. ‘दम दिला’ म्हटले की धमकी. आलूदमला दम देतात तेव्हा पुन्हा वाफच! आणि दमा म्हणजे रोग. हे सर्व अर्थ एकत्र करून कुणा परदेशी माणसाने ‘भारतीय लोक दम नावाची एक अदृश्य ऊर्जा मानतात’ असे लिहिले तर आपल्याला हसू येईल. शब्द खोटा नाही, श्वास खरा आहे, जोर खरा आहे, धीरही खरा आहे; पण ती एक वस्तू नाही. ‘जीव’ शब्दाचेही असेच. जीव लागतो, जीव टांगणीला लागतो, हिंदीत ‘जी’ घबराता है आणि मिचलाता भी है. ‘ची’कडे याच दृष्टीने पाहिले तर ती पुष्कळ समजते.

आपल्या प्राणकल्पनेशी तिचे साम्य आहे, हे निश्चित. आपणही प्राण, अपान, व्यान, उदान, समान असे पाच वायू मानले. पण साम्य पाहून दोन्ही एकच समजू नये. आपली पंचमहाभूते पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश. चिनी पाच तत्त्वे लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी. त्यांत वायू नाही आणि आकाशही नाही. शिवाय ती पदार्थापेक्षा अवस्था जास्त आहेत. लाकडातून अग्नी, अग्नीतून राख म्हणजे माती, मातीतून धातू, असे एकातून दुसरे निघत जाते, आणि पाणी अग्नीला विझवते तसे एक दुसऱ्याला आवरतेही. यकृत लाकडाचे, हृदय अग्नीचे, प्लीहा मातीची, फुप्फुसे धातूची, मूत्रपिंडे पाण्याची. ‘यिन’ आणि ‘यांग’ या प्रसिद्ध जोडीचा मूळ अर्थही साधाच आहे : डोंगराची सावलीकडची बाजू आणि उन्हाकडची बाजू. डोंगर एकच, दुपार टळली की सावली फिरते.

या ग्रंथात शरीराची कल्पना एखाद्या राज्यासारखी केलेली आहे. हृदय राजा, फुप्फुसे मंत्री, यकृत सेनापती, असे पद प्रत्येकाला दिले आहे. बारा मुख्य वाहिन्यांची तुलना चीनमधील बारा नद्यांशी केली आहे. बिंदू ३६५ सांगितले, कारण वर्षाचे दिवस तेवढे. चीन तेव्हा नुकता एका सम्राटाखाली आला होता. कालवे खणले जात होते, धान्य नावांनी राजधानीला जात होते. कालवा तुंबला की पलीकडे दुष्काळ आणि अलीकडे पूर. मग रोग म्हणजे काय, तर वाहिनी तुंबणे. आणि वैद्याचे काम काय, तर ती मोकळी करणे. ही कल्पना सुंदर आहे यात शंका नाही. मात्र ती शरीर उघडून पाहून काढलेली नाही, राज्यकारभार पाहून सुचलेली आहे. आधुनिक शवविच्छेदनात रक्तवाहिन्या दिसतात, मज्जातंतू दिसतात. ‘ची’च्या वाहिन्या म्हणून वेगळी नळी सापडलेली नाही.

उपचारांपैकी सुई सर्वांना माहीत आहे. अॅक्युपंक्चरला चिनी भाषेत ‘झनज्यू’ म्हणतात. या शब्दात दोन गोष्टी आहेत : सुई आणि शेक. शेकासाठी दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीची वाळलेली पाने कुटून त्यांचा कापसासारखा गोळा किंवा विडी करतात व ती पेटवून त्वचेजवळ धरतात. पश्चिमेकडे सुई गाजली आणि शेक मागे पडला. याशिवाय ‘त्वीना’ नावाची मालिश आहे, व्यायाम आहेत, पथ्यापथ्य आहे. आणि सर्वांत मोठा भाग काढ्यांचा आहे, हे आपल्याकडे फारसे कुणाला माहीत नसते. ली शिजन (१५१८–१५९३) या वैद्याने सत्तावीस वर्षे खपून औषधांचा जो महाकोश लिहिला त्यात १८९२ द्रव्ये आणि अकरा हजारांवर योग आहेत. तो छापून आला १५९६ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

काचेचे वा बांबूचे पेले आतली हवा तापवून पाठीवर लावण्याचा उपचारही चिनी म्हणून प्रसिद्ध झाला. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यावरचे लाल गोल डाग जगाने टीव्हीवर पाहिले. आमच्या आजीला ते दाखवले असते तर ती म्हणाली असती, “अरे, याने तुंबडी लावली आहे.” सुश्रुताने शिंग व भोपळा लावून रक्त ओढण्याची रीत सांगितली आहे. युनानी हकीम त्यालाच हिजामा म्हणतात. तेव्हा ही कुणा एका देशाची मक्तेदारी नाही.

परीक्षार्थींना आवडेल अशी एक हकीकत सांगतो. इ.स. १०२७ मध्ये सुंग राजवटीत वांग वेइयी या वैद्याच्या देखरेखीखाली कांस्याचे दोन माणूसभर उंचीचे पुतळे ओतले गेले. अंगावर प्रत्येक बिंदूच्या जागी बारीक छिद्र होते. परीक्षेच्या वेळी पुतळ्याला बाहेरून मेण फासत आणि आत पाणी भरत, असे सांगतात. विद्यार्थ्याने सुई टोचायची. बरोबर जागी टोचली तर पाणी बाहेर येई. कॉपी करण्याची सोयच नाही!

चीनमध्येही या विद्येला चढउतार सोसावे लागले. १८२२ साली सम्राटाच्या वैद्यक विद्यालयातून सुईचा विभागच बंद करण्यात आला. १९२९ मध्ये तर चिनी वैद्यक पूर्णपणे बंद करावे असा प्रस्ताव सरकारपुढे आला. १७ मार्च रोजी देशभरच्या वैद्यांनी शांघायला जमून विरोध केला व तो बारगळला. पुढे साम्यवादी सरकारने १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगझौ व छंगदू येथे चिनी वैद्यकाची महाविद्यालये उघडली. डॉक्टर थोडे आणि खेडी असंख्य, ही त्यामागची अडचण होती. आज पुस्तकांत जे ‘पारंपरिक चिनी वैद्यक’ म्हणून नीट मांडलेले दिसते, त्याची बरीचशी मांडणी याच काळातली आहे.

आपला या विषयाशी एक जवळचा धागा आहे. १९३८ साली जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले. त्यात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर हे दोन मराठी डॉक्टर होते. कोटणीस तिथेच राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तिथेच वारले. व्ही. शांताराम यांचा १९४६ चा चित्रपट आपल्या आजी-आजोबांनी पाहिला असेल. पण त्याच पथकातील कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू यांची पुढची गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. ते १९५८ मध्ये पुन्हा चीनला गेले, सुईचिकित्सा शिकले आणि परत येऊन कलकत्त्यात ती सुरू केली. भारतात ही विद्या अशा रीतीने आली. पश्चिम बंगालने १९९६ मध्ये तिच्यासाठी कायदा केला व नंतर महाराष्ट्रानेही केला.

अमेरिकेत तिचा गाजावाजा झाला तो १९७१ मध्ये. जेम्स रेस्टन या पत्रकाराचे बीजिंगमध्ये अपेंडिक्सचे ऑपरेशन झाले. “सुया टोचून, भूल न देता ऑपरेशन केले” असे आजही ठिकठिकाणी छापलेले आढळते. रेस्टनने स्वतः जे लिहिले ते वेगळे आहे. ऑपरेशन नेहमीची भूल देणारी इंजेक्शने देऊन झाले. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातल्या अस्वस्थतेसाठी. मूळ लेख न वाचता लिहिल्याने काय होते त्याचे हे उदाहरण आहे.

मग सुईने गुण येतो की नाही? औषध तपासताना एका गटाला खरी गोळी व दुसऱ्याला साखरेची गोळी देतात, कारण ‘मला उपचार मिळाला’ या भावनेनेही बरे वाटते. सुईच्या बाबतीत हे कसे करायचे? शास्त्रज्ञांनी नाटकातल्या खंजिराप्रमाणे मुठीत आत सरकणारी बोथट सुई बनवली. टोचल्यासारखी वाटते, पण शिरत नाही. दुसरी युक्ती म्हणजे मुद्दाम चुकीच्या जागी, वरवर टोचणे. जर्मनीत अशी एक मोठी चाचणी झाली व तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. जुनाट कंबरदुखीचे ११६२ रोगी तीन गटांत विभागले होते. सहा महिन्यांनी ग्रंथाप्रमाणे टोचलेल्यांपैकी ४७.६ टक्के, चुकीच्या जागी वरवर टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के, आणि नेहमीची औषधे-व्यायाम घेणाऱ्यांपैकी २७.४ टक्के लोकांना गुण आला.

विद्यार्थ्यांनी हे तीन आकडे वहीत लिहून त्यांच्यावर विचार करावा. सुईवर हसणारे पहिला व तिसरा आकडा विसरतात. ‘ची’च्या वाहिन्या सिद्ध झाल्या म्हणणारे पहिला व दुसरा आकडा विसरतात. सुईने दुखणे कमी झाले, पण बिंदू कुठला याने फारसा फरक पडला नाही. १९७० च्या दशकातील प्रयोगांवरून टोचण्याने शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्ये सोडते असेही दिसले आहे. काही प्रकारच्या दुखण्यांत आणि मळमळीत सुईचा थोडाफार उपयोग दिसतो. मधुमेह किंवा क्षयरोग तिने बरा होतो असे दिसलेले नाही.

हा भेद मला महत्त्वाचा का वाटतो ते पालकांनी ऐकावे. काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याला खेळाच्या तासाला दम्याचा झटका आला. ओठ निळे पडले होते. पंप विचारला तर दप्तरात नाही, घरीही नाही. कुठल्याशा शिबिरात बिंदू दाबून ‘प्राणशक्तीचा अडथळा’ काढला होता आणि आता औषधाची गरज नाही असे सांगितले होते. आई-वडील अशिक्षित नव्हते. दोघेही पदवीधर, मुलावर जीव टाकणारे. मुलगा वेळेवर दवाखान्यात पोचला म्हणून वाचला. हात दाबल्याने त्याचे काही बिघडले नव्हते, पंप बंद केल्याने बिघडले होते.

वनस्पती म्हणजे निर्धोक, हाही समज तपासून घ्यावा. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्या घेऊन सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे खराब झाली. गोळ्यांत ‘फांगजी’ नावाची एक चिनी मुळी घालायची होती. त्याच नावाशी मिळतीजुळती दुसरीच विषारी मुळी त्यात गेली होती.

पण याच वनौषधींमधून जगाला एक अनमोल वस्तूही मिळाली. व्हिएतनाम युद्धात सैनिक मलेरियाने मरत होते. चीन सरकारने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त संशोधन सुरू केले. तू यूयू या संशोधक बाईंनी जुन्या ग्रंथांतून दोन हजारांवर नुस्खे गोळा केले. ‘छिंगहाव’ नावाच्या वनस्पतीचा अर्क कधी गुण दाखवी, कधी नाही. त्यांनी चौथ्या शतकातील ग हुंग या वैद्याची कृती पुन्हा वाचली. त्यात मूठभर पाला पाण्यात भिजवून पिळून रस घ्यायला सांगितले होते. उकळायला सांगितलेले नव्हते. उष्णतेने तर गुण जात नसेल? त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरमध्ये अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील मलेरियाचे सर्व परजीवी मारले. माणसांना देण्याआधी त्यांनी व सहकाऱ्यांनी तो स्वतः पिऊन पाहिला. २०१५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्या देशातही फाल्सिपेरम मलेरियावर याच आर्टेमिसिनिनपासून केलेली मिश्र औषधे देतात. त्यांनी जुन्या वैद्याचे म्हणणे टाकले नाही, आणि तपासल्याशिवाय घेतलेही नाही.

नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुट्टीतील काम : घरातील वडील मंडळींना विचारून ‘दम’, ‘जीव’, ‘वारा’ व ‘वात’ हे शब्द असलेले वाक्प्रचार गोळा करावेत, हिंदीतले वेगळे लिहावेत, आणि प्रत्येकापुढे तिथे श्वास, जोर, धीर की रोग असा कोणता अर्थ आहे ते नोंदवावे. आजीच्या औषधांपैकी एकाची कृतीही तिच्या शब्दांत उतरवून आणावी. उकळायचे की नुसते भिजवायचे, हे विचारायला विसरू नये. वह्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. ज्या मुलांचे दम्याचे किंवा अन्य नियमित औषध चालू आहे त्यांच्या पालकांनी त्याची एक चिठ्ठी व एक जादा पंप शाळेच्या कार्यालयात आणून ठेवावा.